हवेच्या मशीनची पत्ती

माझे बाबा लोणच्याच्या बरणीला आतून चुन्याचं बोट लावून ठेवत. तेल त्या बोटाच्या खाली गेलेलं दिसलं की विचारत, "कोण आलं होतं?" खळ्यावर धानाची रास पडली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायची रीत आमच्याकडे सगळेच पाळत, रेघ मोडलेली दिसली म्हणजे राशीला कुणाचा तरी हात लागला. पण बाकीचे लोक धान घरात आलं की राख विसरत. बाबा विसरत नसत. सरपणाच्या ढिगावर एक काटकी आडवी ठेवलेली असे, ती त्यांची. सायकलच्या दुकानातल्या छर्‍यांच्या डब्याच्या झाकणावर चिमूटभर पीठ भुरभुरलेलं असे, तेही त्यांचं. माय म्हणायची, "माह्याभोवती बी एखादी रेघ ओढून ठेवा न, म्हणजे झोप लागन तुमाले." बाबा हसत नसत. त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा होता, त्यामुळे लहानपणी तो मला न्यायासारखाच वाटे. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट लवकर समजते. खरं सांगितलं तरी चौकशी होतेच, आणि खोटं सांगितलं तरी तेवढीच होते; तेव्हा काहीच न सांगणं सगळ्यात सोयीचं. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. या वयात बचाव करायचा तरी कुणापुढे? पण घर कसं होतं ते आधी सांगितलं पाहिजे.

ते घर आरमोरीला, वडशाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. पुढे सायकलचं दुकान, मधे ओसरी, मागे आम्ही तिघं. रस्त्यावरून दिवसभर सागाचे आणि बांबूचे ट्रक वडशाच्या रेल्वेकडे जात. लांबून घुरघुर ऐकू आली की माय चुलीवरच्या भातावर झाकण ठेवी, कारण ट्रकमागून येणारी धूळ थेट स्वयंपाकघरात शिरे. एखाद्या ट्रकच्या चाकातली हवा गेली की ड्रायव्हर आणि क्लीनर आळीपाळीने हातपंप मारत बसत. एका चाकाला अर्धी सकाळ जाई, आणि चाकाला शिव्या देत ते आमच्या दारात चहा मागत. बाबा ओसरीवरून त्यांच्याकडे बघत राहत. "ज्याच्यापाशी हवा असन, त्याच्याच दारात हे सगळे थांबन," ते म्हणत.

मोठ्या लढाईनंतर फौजेचं जुनं सामान नागपूरला लिलावात निघालं होतं. एका लाकूड ठेकेदाराने त्यातून हवेचं मशीन उचललं होतं. ते लवकरच बंद पडलं आणि त्याच्या वडशाच्या गोदामात उंदरांनी त्यात संसार मांडला. बाबांनी तीन जुन्या सायकली देऊन ते आणलं. बैलगाडीतून उतरवायला सहा माणसं लागली. हिरवा रंग, अंगावर पुसट झालेली पांढरी चांदणी. खाली आडवी टाकी, टाकीवर एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारा पंप, आणि दोघांना जोडणारा पट्टा. ठेकेदाराने फारशी घासाघीस केली नाही एवढ्यावरून बाबांचं जेवणातलं लक्ष उडालं. "येवढ्या सहज देलं काऊन?" ते लाखोरीच्या वरणात बोट फिरवत बसत. "आतून काहीतरी काढून घेतलं असन." माय म्हणाली, "उंदीर काढून घेतले असन." तिने दुसऱ्याच दिवसापासून त्या मशीनवर लुगडी वाळत घालायला सुरुवात केली. सगळा पावसाळा ते ओसरीवर तसंच बसून राहिलं, आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या आणि जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखं.

उस्मान मिस्त्री आला तो दसऱ्यानंतर. तो चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. आरमोरीच्या धान गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं. ते चार दिवसांत चालू करून दिलं, आणि गावात इंजिन समजणारा एकही माणूस नाही हे बघून त्याने इथेच राहायचं ठरवलं. चाळिशीचा असेल. खाकी अर्धी चड्डी, बंडी, खांद्यावर गमछा, आणि हत्यारांचा एक कातडी बटवा, जो तो बाळाला घ्यावं तसा काखेत घेऊन फिरे. चांद्याला त्याची बायको आणि दोन मुली त्याच्या भावाच्या घरातल्या एका खोलीत राहत होत्या. आमच्या समोर गोविंदाचं चहाचं हॉटेल होतं. त्याला लागून असलेली जागा मिस्त्रीने घेतली आणि स्वतःच्या हाताने मातीची भिंत उभारायला लागला. पुढे दुकान, मागे घर, आमच्यासारखंच. बाबांशी त्याचा सौदा साधा होता. तो मशीन चालू करून देणार, आणि हवा भरायला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांना बाबा त्याचं नाव सांगणार. "भाऊ, हे मशीन चाललं न, तं माही दुसरी पाटी नाई लागत," तो म्हणाला. मशीन चाललं आणि चालत राहिलं, तर त्या दोन मुली आरमोरीला येणार होत्या. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर फारच चांगलं ठाऊक होतं, कारण मी अठरा वर्षांचा होतो, मॅट्रिकला आपटून दुकानात बसलो होतो, आणि दिवसभर मिस्त्रीच्या शेजारी बसून तेच ऐकत होतो.

बाबांनी एकच अट घातली. काम आमच्या ओसरीवर होईल, एकही पुरजा उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मिस्त्री म्हणाला, "मंजूर." पहिल्या दिवशी त्याने पंप खोलून सगळे पुरजे पोत्यावर ओळीने मांडले आणि दुपारी गोविंदाकडे जेवायला गेला. तो रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोच बाबांनी देवघरातून शेंदूर आणला. तेलात कालवला, आगकाडीच्या टोकाला लावला आणि माझ्या हातात दिला. "एकेका पुरजाले टिपका लाव. खालच्या अंगानं. त्याले दिसला नाई पाहिजे. चांद्याचा माणूस आहे, चांगलं लोखंड नेऊन भंगार लावून देइन तं आपल्याले काय समजन?" मी टिपके लावले. पिस्टनला, दांड्याला, आणि दोन्ही पत्त्यांना बोल्टाच्या भोकाशी. पत्ती म्हणजे पंपाच्या डोक्यातला पोलादाचा पातळ पापुद्रा. ती उघडते तेव्हा हवा आत येते, मिटते तेव्हा आतली हवा बाहेर पळू शकत नाही. सगळ्या मशीनचा जीव त्या दोन पापुद्र्यांत. तसं पोलाद आमच्याकडे मिळत नव्हतं, नागपूरलाही खात्री नव्हती. म्हणून बाबांची नजर पत्त्यांवर सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी, बाबा दुकानात गिऱ्हाईकात असताना, मिस्त्रीने मला घासलेटाचं घमेलं दिलं. "नामदेव, सगळं धू. आईच्या भांड्यासारखं धू." मी एकेक पुरजा धुवायला लागलो, आणि घासलेट गुलाबी व्हायला लागलं. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "हे गुलाबी काऊन झालं बे?"

"गंज असन," मी म्हणालो.

"गुलाबी गंज?" तो हसला. "तुमच्या आरमोरीचा गंज बी होळी खेळते का?"

टिपके गेले हे मला तेव्हाच दिसलं. पुसून घेतल्यावर पुन्हा लावावेत असं मनात होतं, पण मिस्त्री एकेक पुरजा माझ्या हातातून घेऊन लगेच कामाला लागला. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, धुवायला तुले कोणी सांगितलं, आणि कोणाच्या फायद्यासाठी.

ते दहा-बारा दिवस माझ्या तरुणपणातले सगळ्यात चांगले दिवस होते. पत्ती आणि तिच्या बैठकीत केसाएवढीही फट राहता कामा नये, म्हणून ती काचेवर घासायची असते. काच कुठून आणायची? मायने आपला आरसा दिला. मिस्त्रीने त्याच्यावर बारीक खरीचा, म्हणजे लोखंड घासायच्या भुकटीचा, लेप पसरला आणि पत्तीवर दोन बोटं ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायला शिकवलं. जोर लावायचा नाही, बोटांचं वजन पुरे. पत्तीचा राखी रंग हळूहळू जाऊन ती चांदीसारखी व्हायची. मग बैठकीवर ठेवून वर घासलेटाचा थेंब टाकायचा आणि तो थेंब खाली झिरपतो का ते बघत बसायचं. थेंब जागेवर राहिला की मिस्त्री माझ्या पाठीत धपाटा घाली. दांड्याच्या खालच्या टोकाची वाटी झिजली होती. तिच्यात पातळ केलेलं शिसं-कथील कसं ओतायचं, मग दांड्यावर बसवून तासायचं कसं, हेही त्याने मला करून दाखवलं. बाबा समोर स्टुलावर बसून दोघांच्या हातांकडे बघत. आरसा परत मिळाल्यावर माय त्यात बघून म्हणाली, "मिस्त्री, माह्या तोंडावर तं धुकं पडलं बावा." मिस्त्री म्हणाला, "बाई, मशीन चालू झालं का चांद्यावरून नवा आणून देतो. मोठा."

माय त्याला दुपारी पळसाच्या पानावर लाखोरीच्या डाळीचे वडे द्यायची, आणि सोबत मिरच्या. पान वेगळं, बसायची जागा वेगळी, हे त्या काळात न सांगता ठरलेलं. पहिल्याच दिवशी वडा तोंडाशी नेताना तो थांबला. "टोरीचं तेल न, बाई?" आमच्याकडे मोहाच्या फळांना टोऱ्या म्हणतात, त्यांच्या बियांचं तेल गरिबाच्या घरात दिव्यालाही आणि कढईलाही. बाबा लोकांना सांगत की आम्ही जवसाचं वापरतो. माय लाजली. मिस्त्री म्हणाला, "माही अम्मी यातच तळते. हा वास लपते का कुठी?" आणि पाच वडे खाल्ले.

पंप बांधून झाला. मिस्त्री भिंतीच्या कामाला गेला आणि जाताना मला म्हणाला, "वडशाहून मशीनचं तेल आण. डबा भरून. ते टाक, मग मी सुरू करतो." मी सायकलवर गेलो, डबा घेतला, कॅरिअरला बांधला. रस्ता ट्रकांनी खणलेला. अर्ध्या वाटेत मागे वळून बघितलं तर धुळीत एक काळी ओली रेघ माझ्यामागून येत होती. डब्याचा सांधा उसवला होता. घरी पोहोचलो तेव्हा डबा निम्माही राहिला नव्हता.

या जागी मी आयुष्यात फार वेळा परत आलो आहे. ओसरीत शिरून एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, तेल सांडलं." पण त्यांचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता: "कोणाले देलं?" बाबा दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत होते. माय अंगणात होती. मी स्वयंपाकघरातून टोरीच्या तेलाचं मडकं उचललं आणि पंपाच्या पोटात जेवढं कमी पडत होतं तेवढं ओतलं. मनाला समजावायला कारण तयार होतं. बैलगाडीच्या आखाला आम्ही टोरीचंच तेल घालत असू, आणि आमच्या गाडीचा आख कधी जळला नव्हता. लोखंड ते लोखंड. मडक्यातलं तेल कमी झाल्याचं मायच्या लक्षात आलं, पण तिने ते बाबांना कळू दिलं नाही. तिला वाटलं मी दिव्याला घेतलं असेल.

मिस्त्रीने हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं. पट्टा फिरायला लागला आणि पंप धक् धक् धक् असा एका लयीत बोलायला लागला. टाकीवरचा काटा थरथरत वर चढला. सगळी आळी ओसरीखाली जमली. गोविंदा हॉटेल उघडं टाकून आला. मिस्त्रीने नळी बाबांच्या हातात दिली. बाबांनी तळहातावर हवा सोडून बघितली, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. पण तेवढ्यापुरताच. मग त्यांनी त्या हवेने सायकलचं एक चाक भरलं, भिंतीला टांगलं आणि त्याच्याशेजारी कोळशाने तारीख लिहिली. "किती दिवस राह्यते पाहू. नाईतर हवा बी हलकी असन." गोविंदा म्हणाला, "भाऊ, हवा तं हलकीच राह्यते न." सगळे हसले, मिस्त्रीही. महिनाभर ते चाक टणक होतं.

त्या महिन्यात ट्रक खरोखरच आमच्या दारात थांबायला लागले. मिस्त्री दिवसा त्यांची इंजिनं बघायचा आणि संध्याकाळी भिंत चढवायचा. भिंत कमरेपर्यंत आली होती. खिडकीसाठी त्याने सागाची चौकट आणून ठेवली होती, आणि मुलींसाठी ओट्याची जागा आखून ठेवली होती. "पुढच्या महिन्यात घेऊन येतो," तो मायला सांगे.

आणि थंडी पडली. आमच्याकडची थंडी जंगलातून येते, सकाळी गवत पांढरं करून टाकते. त्या दिवशी बाजार होता. ऊन वर यायच्या आत एक बांबूचा ट्रक दारात उभा राहिला. मी हँडल मारलं. ते इतकं जड होतं की अंगाचा भार घालावा लागला. इंजिन पेटलं, पट्टा फिरला. पंपाचा आवाज नेहमीचा नव्हता. आधी खट् खट्, मग किंकाळीसारखा, आणि मग एकदम काहीच नाही. पट्टा चाकावर घसरून जळायला लागला. मी इंजिन बंद केलं. पंप जाम झाला होता.

बाबा धावत आले. त्यांनी मशीनला हातही लावला नाही. "डोकं खोल," ते मला म्हणाले. मी पंपाचं डोकं खोललं, पत्ती काढली. बाबांनी ती उलटी केली, उन्हात धरली, पुन्हा उलटी केली.

"टिपका कुठी आहे?"

मी पान्याला लागलेलं तेल फडक्याने पुसत राहिलो.

"टिपका कुठी आहे, नामदेव? आपली पत्ती नाई ही." ते ओसरीच्या कडेला आले आणि रस्त्यापलीकडे ओरडले, "मिस्त्री! इकडे या!"

मिस्त्री मातीच्या हातांनीच आला. बाजाराला निघालेली माणसं थांबली, त्यांच्यामागे आणखी थांबली. बाबांनी पत्ती त्याच्या तोंडापुढे धरली. "माह्या पत्तीले शेंदराचा टिपका होता. हिले नाई. माही पत्ती कुठी विकली?"

मिस्त्रीला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि तो चक्क हसला. "टिपका? अरे भाऊ, मग तं ते गुलाबी पाणी... पुरजे घासलेटात धुतले न आम्ही. टिपका धुऊन गेला."

"शेंदूर धुऊन जाते?" बाबांनी लोकांकडे वळून विचारलं. "वेशीतल्या मारुतीच्या अंगावर किती पावसाळे झाले? गेला का शेंदूर?"

"नाई जात," कुणीतरी म्हणालं. "दरसाल चढतेच उलट," दुसरा म्हणाला. माणसं माना हलवायला लागली. तेलात कालवलेला शेंदूर पाण्याने जात नाही, हे लहान पोरालाही माहीत होतं. घासलेटाने जातो, हे त्या गर्दीत फक्त दोघांना माहीत होतं. एक मिस्त्री. दुसरा मी.

मिस्त्रीचं हसू गेलं. तो माझ्याकडे वळला. "नामदेव, तू धुतलं न? सांग यायले. घासलेट गुलाबी झालं होतं का नाई?"

मी बाबांकडे बघितलं नाही, हे मला आठवतं. मी त्या घमेल्याकडे बघितलं, जे कोपऱ्यात उपडं पडलं होतं.

"काळं होतं," मी म्हणालो. "घासलेट काळंच होतं."

गर्दीतून एक आवाज निघाला, बैल उठताना निघतो तसा. मिस्त्री वळून मशीनपाशी गेला. मग खाली बसला, पंपाच्या पोटाचं झाकण त्याने सैल केलं आणि आत एक बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर काळसर पिवळा, लोण्यासारखा घट्ट गोळा होता. तो त्याने नाकाशी नेला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथे माय पदर तोंडाशी धरून उभी होती. मग माझ्याकडे बघितलं.

"तेल कोणतं टाकलं?" त्याने अगदी हळू विचारलं, फक्त मला ऐकू येईल असं.

"तुम्ही सांगितलं तेच."

तो थांबला. तो माझ्यासाठी थांबला होता, हे मला तेव्हाही समजलं होतं. मग त्याने बोट गमछ्याला पुसलं आणि उठला. बाबा म्हणाले, "बटवा दाखवा." मिस्त्रीने बटवा दिला. बाबांनी तो भर रस्त्यात उलटा केला. पाने, छिन्न्या, एक कानस, फडक्यात बांधलेली खरी, आणि कागदात गुंडाळलेला, हाताएवढा, लाल चौकटीचा नवा आरसा. पत्ती नव्हती. "चांद्याले पोचली असन," बाबा म्हणाले. मिस्त्रीने गुडघ्यावर बसून एकेक हत्यार गोळा केलं. आरसा त्याने ओसरीच्या पायरीवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता गेला. दोन दिवसांनी गावातही नव्हता. एकाही ट्रकवाल्याने त्याला इंजिनला हात लावू दिला नव्हता.

मी मशीन पूर्ण खोललं. त्याच्या पोटात टोरीचं तेल गोठून थिजलेल्या तुपासारखं बसलं होतं, आणि दांड्याने त्यात आपल्यापुरता एक चर कापला होता. फिरत्या दांड्याने तेल वर उडायला हवं होतं, ते उडालंच नव्हतं. वाटी कोरडी फिरून जळाली होती. बैलगाडीचा आख थंडीत हळू फिरतो, उन्हात पुन्हा ओला होतो. मशीन एवढी वाट बघत नाही. मी ते सगळं चमच्याने खरवडलं आणि परसात नेऊन पुरलं. वाटीत नवं शिसं-कथील ओतलं, मिस्त्रीने शिकवलं होतं तसं. आणि पत्ती काचेवर घासायला घेतली तेव्हा तिच्या बोल्टाच्या भोकात, आतल्या कडेला, जिथे फडकं पोचलं नव्हतं, मला एक तांबडा कण दिसला. मोहरीच्या निम्मा. शेंदूर. ती आमचीच पत्ती होती, आणि ते सिद्ध करायला मला फक्त पाच पावलं चालून बाबांच्या हातात ती द्यायची होती. मी आगकाडीचं टोक घासलेटात बुडवलं आणि तो कण काढून टाकला.

गप्प बसणं समजून घेता येईल, असं मी कधी कधी स्वतःला सांगतो. त्या कणाचं काय करू?

मशीन चाललं. पुढे वीज येईपर्यंत चाललं, आणि मोटर बसवल्यावरही चाललं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "चोरानं बिघडवलं, माह्या पोरानं बनवलं." कुणी विचारलंच, की चोरीच्या बदली पत्तीवर मशीन इतकं छान कसं चालतं, तर ते म्हणत, "त्याच्या हाताले गुण आहे." मी नामदेव मिस्त्री झालो. त्याच नावावर लग्न झालं, घर झालं. समोरची ती कमरेएवढी भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी बसत गेली. सागाची चौकट गोविंदाने हॉटेलला लावली. माय तो आरसा कधीच वापरत नसे. धुकं पडलेल्यातच बघायची. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "मडक्यातलं तेल दिव्याले नेलं होतं न रे तू?" मी "हाव" म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही.

बाबा गेल्यावर मी चांद्याला जाऊन शोध घेतला. उस्मान मिस्त्री बल्लारपूरला सापडला, रेल्वेच्या फाटकाजवळ एका टपरीत, स्टोव्ह दुरुस्त करत. दाढी पांढरी झाली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "बस, नामदेव." मी सगळं सांगितलं. सांडलेलं तेल, मडकं, गुलाबी घासलेट, तो कण. तो स्टोव्हला पंप मारत ऐकत होता.

"वास तं मले तेव्हाच आला होता," तो म्हणाला.

"मग बोलले काऊन नाई?"

"मी बोललो असतो तं कोण मानलं असतं? अजून एक बहाणा म्हटला असता तुह्या बापानं. ते तुह्या तोंडातून निघायले पाहिजे होतं." त्याने स्टोव्ह पेटवला, निळी ज्योत बघितली, विझवला. "आणि आता मले काऊन सांगून राह्यला? मले तं माहीतच आहे. आरमोरीत जाऊन सांग."

मी चहा घेतला. "हाव" म्हणालो. परत आलो, आणि सांगितलं नाही. दुकान चालू होतं, मुलं शिकत होती. काही वर्षांनी तोही गेल्याचं कळलं.

आता दुकान बंद आहे, मशीन परसात आहे, आणि मला फार दिवस उरलेले नाहीत. गेल्या महिन्यात नातवाच्या गाडीसाठी गॅरेजमध्ये बसलो होतो. एक गिऱ्हाईक तिथल्या कारागिराला गमतीने म्हणालं, "पाह्यजो बावा, पत्तीचोर नको होऊ." पोरगा हसला. हा शब्द कुठून आला, कुणावरून आला, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आरमोरीत आजही बोलतात. माणूस विसरला गेला, शिवी राहिली.

म्हणून आरमोरीच्या लोकांना सांगतो. घासलेट गुलाबी झालं होतं. पंपात टोरीचं तेल मी ओतलं होतं. उस्मान मिस्त्रीने आमच्या ओसरीवरून काही नेलं नाही, उलट एक आरसा ठेवून गेला. पत्ती तीच होती.